कुठला सेट जास्त चांगला ऐकतो?

एका टेबलावर दोन रेडिओ सेट सुखानं नांदू शकत नाहीत, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर साडूंना मी दारातूनच परत पाठवलं असतं. पण साडू आले ते हातात भलंमोठं खोकं घेऊन, आणि असल्या आकाराचं खोकं दिसलं की माझी सदसद्विवेकबुद्धी रजेवर जाते. मी त्यांना "या" म्हणायच्या आधी खोक्याला "या" म्हटलं. हे हिनं पाहिलं, आणि ते तिनं पुढे तिच्या बहिणीला, म्हणजे साडूंच्या बायकोला, सांगितलं. असो.

मी हौशी रेडिओवाला आहे. हौशी म्हणजे गाणी ऐकणारा नव्हे. सरकारची रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून, घरी बसून हवेतून लांबलांबच्या माणसांशी बोलणाऱ्यांची एक जमात असते, त्यातला. आमचा सेट ऐकतोही आणि बोलतोही. आमची ही पाहुण्यांना याचं वर्णन असं करते: "हे तासभर हॅलो हॅलो करतात, आणि मग बाहेर येऊन आनंदानं सांगतात की पलीकडूनही हॅलो आलं." पाहुणे हसतात. मी हसत नाही. शास्त्राची थट्टा मला खपत नाही.

आमच्या जमातीत भेट झाली की आधी रिपोर्ट द्यायचा असतो. तुमचा आवाज मला कसा येतोय, ते दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा बोलणं किती कळलं याचा, दुसरा सिग्नल किती जोरदार आला याचा. दुसरा आकडा सेटवरचा काटा दाखवतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. पहिला आकडा काय, आम्ही सढळ हातानं पाचपैकी पाच देतो.

या सगळ्या उपद्व्यापाच्या मुळाशी माझा थोरला भाऊ आहे. दादा जहाजावर रेडिओ अधिकारी होता. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. निवृत्त झाल्यावर लांबच्या एका बंदराच्या गावी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागला. दर रविवारी दुपारी आम्ही दोघं रेडिओवर भेटतो. फोनवर का नाही, असं लोक विचारतात. त्याचं कारण आमच्या घराण्यात आहे. आमच्याकडे एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं आणि तिसरा पहिल्याला त्याच्या वाक्याचा शेवट कसा असायला हवा होता ते सांगतो. रेडिओवर ही सोय नाही. बटण दाबून बोलायचं, संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. आम्हा भावांचं प्रेम टिकून आहे ते त्या बटणाच्या जिवावर.

तर गेले काही रविवार दादाचा सिग्नल खाली चालला होता. जो काटा पूर्वी दादा नुसता खाकरला तरी नऊवर जाऊन आपटायचा, तो सातवर आला, मग सहावर, आणि आता पाचावर कण्हत उभा राहायचा. मी हेडफोन कानात दाबून दाबून कान लाल करून घेत होतो. माझा सेट जुना. मला वाटलं, याचे कान गेले. माणसाचे जातात, सेटचे का जाऊ नयेत? आणि सेट बहिरा झाला तर रविवारी दादा हळूहळू नाहीसाच होणार, या विचारानं जेवताना माझ्या घशाखाली घास उतरेना.

नेमक्या त्या दिवसांत साडू खोकं घेऊन आले. त्यांनी माझ्याच नादानं परीक्षा दिली होती, माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले होते, बाजारातला सगळ्यात नवा सेट आणला होता आणि मग त्यांना कंटाळा आला होता. साडूंना कुठल्याही गोष्टीचा कंटाळा यायला ती गोष्ट पूर्ण यावी लागते, हा त्यांचा स्वभाव मला फार लागतो.

"आमच्याकडे दिवाणखाना नव्यानं केलाय," ते म्हणाले. "शोकेसमध्ये जुनं काहीतरी हवं असं बाईसाहेब म्हणतात. तुमचा हा सेट अगदी शोभून दिसेल."

माझा सेट, ज्यावर मी जगाशी बोललो, तो शोभून दिसेल.

"तुम्ही माझा नवा ठेवा," साडू पुढे म्हणाले. "की तुमचाच ठेवायचाय? घाई नाही. रविवारी येतो, तोवर दोन्ही ऐकून बघा. ज्याचे कान चांगले तो तुमचा."

हे ऐकायला उदार वाटतं. पण निवड माझ्यावर टाकून साडू चहा पिऊन निघून गेले, आणि त्या क्षणापासून माझं बूड एका जागी टिकेना.

पहिले दोन दिवस मी एकट्यानंच तुलना केली. अँटेनाची वायर एकच, गच्चीवरून खिडकीतून येणारी. ती जुन्या सेटच्या पाठीतून काढायची आणि नव्याच्या पाठीत खुपसायची. म्हणजे टेबलाखाली वाकायचं, भिंत आणि टेबल यांच्यामध्ये हात घालायचा, पिन चाचपडायची, डोकं टेबलाला आपटून वर यायचं आणि बघायचं तर पलीकडचा गृहस्थ 'शुभ रात्री' म्हणून केव्हाच निघून गेलेला. नव्या सेटला रंगीत पडदा होता. त्यावर सगळे सिग्नल निळ्यापिवळ्या रेघांनी खाली वाहत असत. पडदा बघितला की नवा चांगला वाटायचा, आणि जुन्याची चकती फिरवली की हात म्हणायचा, छे, हाच. मी खुर्चीतून उठायचो, खोलीत फेऱ्या मारायचो, परत बसायचो. हिनं विचारलं, "पोट बिघडलंय का?"

शेवटी मुलीनं लक्ष घातलं. ती औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते आणि माझ्याकडे बऱ्याचदा एखाद्या संशयास्पद गोळीकडे बघावं तशी बघते.

"बाबा, तू आधीच ठरवून बसलायस आणि मग ऐकतोयस," ती म्हणाली. "असं नसतं करायचं. तुला कळताच कामा नये की कुठला सेट चालू आहे. डोळे बांध."

तिनं एक छोटी पेटी आणली. एका बाजूनं अँटेना आत, दुसऱ्या बाजूनं दोन वायरी बाहेर, मध्ये एक खटका. खटका इकडे केला की एक सेट, तिकडे केला की दुसरा. दोन्ही सेटचा आवाज एकाच हेडफोनमध्ये. एकाला 'अ' म्हणायचं, एकाला 'ब'. माझे डोळे हिच्या स्वयंपाकाच्या एप्रनने बांधण्यात आले.

'अ' मध्ये नेहमीची खरखर, खसखस, मध्येच कुणाची तरी शिट्टी. खटका पडला आणि 'ब' लागला. काय सांगू! शांतता. अशी शांतता की मला माझ्या जावळापासूनचं आयुष्य आठवलं. एक कण खरखर नाही. मी दोन्ही हात वर केले.

"हा!" मी म्हणालो. "याला म्हणतात रिसीव्हर! काय पार्श्वभूमी आहे! काय खोली आहे! कुठलाही गोंगाट आत शिरू देत नाही. ही शांतता ऐकायला कान तयार असावा लागतो."

मी यावर आणखीही बरंच बोललो. सिग्नलचं सौंदर्य दोन सिग्नलांमधल्या पोकळीत असतं, असं काहीसं. बोलता बोलता मला जाणवलं की खोलीत कुणीतरी तिसरं श्वास घेतंय. एप्रन वर केला, तर दारात खालच्या मजल्यावरचे निरीक्षक उभे. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, आणि आमच्या खुर्चीच्या सरकण्याची तक्रार घेऊन आले होते.

"ही दुसरी वायर," ते टेबलामागे बोट दाखवत म्हणाले, "कशालाच जोडलेली दिसत नाही."

सकाळी केर काढताना ती निसटली होती. 'ब' ला अँटेनाच नव्हती.

"म्हणजे यांना सगळ्यात जास्त आवडला," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो काहीच न ऐकणारा."

मुलगी हसली नाही. तिनं फक्त कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. निरीक्षक मात्र खुर्चीची तक्रार विसरले. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या सेटच्या काट्याला नाक लावून तो बघितला आणि विचारलं, "याची पडताळणी शेवटची कधी झाली? शिक्का कुठाय?"

"काट्याला शिक्का नसतो."

"नसतो?" निरीक्षकांचा चेहरा दुखावला. "बरं, तराजू तपासायचा तर तागडीत माहीत असलेलं वजन ठेवावं लागतं. तुम्ही काय ठेवताय?"

"माझ्या भावाचा आवाज."

"तो तुम्हाला नक्की किती भरतो हे माहीत आहे?"

घरच्या माणसांची अशी चौकशी कुणी करू नये. पण मुलगी आणि निरीक्षक यांचं तिथेच जमलं. त्यांना दोघांना मिळून एक वजन हवं होतं, आणि ते माझ्याच तोंडून निघालं. हवेत बीकन नावाची स्टेशनं असतात. तिथे माणूस नसतो. एक यंत्र दिवसभर तीच खूण त्याच ताकदीनं पाठवत राहतं. आम्ही त्यातलं एक लावलं, वायर जोडलेली आहे हे निरीक्षकांनी जातीनं तपासलं, आणि मी परत डोळे बांधले. खटका इकडे, खटका तिकडे. जुना सेट, नवा सेट. मला काही म्हणता काही फरक कळेना. काट्यांनाही कळेना. आणि बीकन दोन्हीकडे जितक्या जोरात पूर्वी यायचं तितक्याच जोरात येत होतं.

निरीक्षकांनी हात मागे बांधले. नोकरीत असताना दुकानदारासमोर ते असेच उभे राहत असणार. "तराजू दोन्ही बरोबर आहेत," ते म्हणाले. "वजनच कमी भरतंय."

मला याचा भयंकर राग आला. दादा जहाजावरचा माणूस. वादळात, बोट आडवी होत असताना, ज्यानं खुणा पाठवल्या आणि एक अक्षर चुकवलं नाही, त्याच्या सिग्नलमध्ये खोट काढायची? मी म्हणालो, बीकन चकतीवर वेगळ्या जागी लागतं, दादा वेगळ्या जागी लागतो, आणि दादा लागतो तिथे हल्ली एक गुणगुण असते. ही गुणगुण या इमारतीतलीच आहे. ती मी शोधून काढीन. दादाचा आवाज कमी झालेला नाही. तुमचा सगळ्यांचा वाढलाय.

हे बोलून गेलो आणि फसलो. कारण गुणगुण शोधायची म्हणजे हातात खिशातला रेडिओ घेऊन तो भिंतींना लावत, जिन्यानं वरखाली फिरायचं. जिथे खरखर वाढेल तिथे चोर. आता एखादा पोक्त माणूस दारांच्या बेलला, मीटरच्या पेटीला, पायपुसण्याला रेडिओ लावून कान देत हिंडू लागला तर शेजारी काय म्हणतील, याचा मी विचार केला नव्हता. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दाराला कान लावून उभा असताना दार उघडलं आणि गाल सुजलेला एक पेशंट माझ्या अंगावर आला. मला बघून तो म्हणाला, "तुम्ही जा आधी. मी उद्या येतो." आणि पळाला. डॉक्टरांनी तो पेशंट माझ्या खात्यावर मांडला आहे. अजून ते मला जिन्यात दिसले की माझ्या दातांकडे आशेनं बघतात.

सल्ले तर इतके आले की सेटपेक्षा मलाच गुणगुण ऐकू यायला लागली. कुणी म्हणालं सेटवर पाण्याचा पेला ठेवा. कुणी म्हणालं टेबलाचं तोंड फिरवा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कानात घालायचे थेंब आणून दिले आणि वर "लाजू नका, या वयात होतं" असं म्हणाल्या. याच काकूंची ओली चादर माझ्या गच्चीतल्या अँटेनावर वाळत असते, हे मी त्यांना कित्येकदा सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं, तार रिकामीच तर असते.

शोध लागला तो भलत्याच ठिकाणी. गुणगुण जिन्यातल्या नव्या दिव्यांतून येत होती, आणि हे दिवे सोसायटीच्या सचिवांनी स्वतः निवडून, स्वतः शिडी धरून बसवून घेतले होते. मी त्यांना हे अत्यंत नम्रपणे सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं अंधार होता तेव्हा तुमचं बरं चाललं होतं," सचिव म्हणाले. "लोक पडत होते, पण तुम्हाला ऐकू येत होतं."

"मी फक्त रविवारी दुपारी थोडा वेळ बंद करा म्हणतोय. दिवसा दिवे कशाला लागतात?"

"ते आपोआप लागतात. बंद करायचे तर इमारतीचं मेन स्विच बंद करावं लागेल. त्याला वीज कार्यालयाची परवानगी आणा."

मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, इतकं की मला संशय आला. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली. "अहो, इकडे या. हे गृहस्थ वीज घालवून मागतायत." बाई आल्या, आणखी दोघे आले.

"आमच्याकडे वीज आणायचा अर्ज आहे," साहेब म्हणाले. "वीज का गेली, याच्या तक्रारीचा अर्ज आहे. कायमची तोडायची असेल तर त्याचा आहे. पण थोडा वेळ घालवायची असेल तर त्याला अर्ज नाही. ती आमची आम्ही घालवतो."

"मग रविवारी दुपारी घालवाल का?"

"रविवारची खात्री देता येत नाही," साहेब म्हणाले. "बाकी कुठल्याही दिवशी जाईल."

माझी ही अवस्था बघून अखेर लिफ्टवाल्यानं मला वाचवलं. त्याला लिफ्टचं काहीतरी बदलायचं होतं आणि त्यासाठी मेन स्विच बंद करायलाच हवं होतं. तो रविवारी दुपारी यायला तयार झाला. सचिवांना नाही म्हणायला जागा उरली नाही. पण त्यांनी फळ्यावर सूचना लावली ती अशी: 'एका सभासदांच्या वैयक्तिक रेडिओच्या कारणास्तव रविवारी दुपारी वीज, पंखे, लिफ्ट व पाणी बंद राहील.' लिफ्टवाल्याचं नावही नाही. त्या दिवसापासून जिन्यात माझ्या नमस्काराला कुणी नमस्कार करेना. एका इवल्याशा मुलीनं आईला विचारलं, "हेच का ते पाणी बंदवाले?"

रविवार उजाडला. मी सकाळपासून खिडकी, टेबल, खिडकी असा चालत होतो. वीज नसताना सेट चालवायचे कशावर, हा प्रश्न साडूंनी सोडवला. त्यांनी आपल्या गाडीची बॅटरी काढली, आणि लिफ्ट बंद म्हणून ती जिन्यानं वर आणली. बॅटरी टेबलावर आली तेव्हा साडूंचा चेहरा बघून मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

मेन स्विच पडलं. आणि गुणगुण गेली! जिन्यातले दिवे, डॉक्टरांचं यंत्र, कुणाचा माशांचा पंप, सगळं गप्प. दोन्ही काटे असे खाली गेले की मी साडूंना मिठी मारली. पण पंखे बंद झाल्यामुळे लोक घरात थांबेनात. आपल्या घरात उकडत बसण्यापेक्षा हा कसला एवढा रेडिओ ते तरी बघू, म्हणून एकेक जण आमच्याकडे आला. काकू आल्या, डॉक्टर आले, सचिव हात बांधून भिंतीला टेकले. निरीक्षक तर साक्षीदार म्हणून आधीपासूनच खुर्ची धरून होते आणि हेडफोन काढून स्पीकर लावायचा हट्ट त्यांचाच. "मापन उघड्यावर व्हायला हवं," ते म्हणाले. हवेतला गोंगाट संपला आणि खोलीतला सुरू झाला. "शांत बसा हो!" असं मी ओरडलो, ते फार शोभलं नाही.

मग दादा आला. बारीक, लांबून, पण दादाच. दोन्ही सेटवर. "ऐकतोयस का रे? ओव्हर."

"ऐकतोय!" मी बटण दाबून म्हणालो. "दादा, मी दोन सेट ताडून बघतोय. तू काहीही बोल, पण लांबलचक बोल. ओव्हर."

"काहीही?" दादा म्हणाला. "बरं. मग बोलतोच."

तो बोलू लागला. मुलगी कागद घेऊन बसली होती, मी खटका हलवत होतो आणि काटे वाचून तिला आकडे सांगत होतो. 'घरमालकाला गच्ची' हे जुन्यावर पाच. 'खांब उतरवला तुला सांगितलं होतंच' हे नव्यावर पाच, पण मागची खसखस किंचित कमी. 'तार आता खिडकीतच' जुन्यावर साडेचार. 'जिना' हा शब्द नव्यावर इतका स्वच्छ आला की मी साडूंना अंगठा वर करून दाखवला. 'पडलो' या शब्दाला काटा एकदम सहावर गेला. 'गुडघा' परत पाच. 'एकट्याचं आता' जुन्यावर पाच आणि नव्यावरही पाच. शेवटच्या वाक्याच्या वेळी मात्र मी खटका हलवत होतो, त्यामुळे ते अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे पडलं.

"ओव्हर," दादा म्हणाला.

"फारच छान, दादा! पाच-पाच!" मी म्हणालो. "फक्त शेवटचं वाक्य पुन्हा सांग. नव्या सेटवर घ्यायचं राहिलं. ओव्हर."

"मी म्हटलं," दादा म्हणाला, "तुझ्याकडे राहायला येऊ का. ओव्हर."

"साडेपाच!" मी खोलीकडे वळून जाहीर केलं. "नवा सेट! अर्ध्यानं पुढे!"

मुलीनं पेन खाली ठेवलं होतं. निरीक्षक जमिनीकडे बघत होते. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, यांना अर्ध्या आकड्याचं महत्त्व कळलं नसावं, आणि मी ते समजावून सांगायला तोंड उघडलं.

"अहो," ही म्हणाली. ती दारात उभी होती. "दादांनी काय विचारलं?"

"साडेपाच भरलं, म्हणजे..."

"काय विचारलं ते विचारतेय मी."

मी थांबलो. माझ्याकडे दादाच्या प्रत्येक शब्दाचा आकडा होता. मी ते शब्द मनातल्या मनात एकापुढे एक ठेवायला लागलो. गच्ची, खांब, खिडकी. जिना. पडलो. गुडघा. आणि मग शेवटचं वाक्य, दोन्हीकडून, पूर्ण. अँटेनाचा खांब उतरवल्याचं त्यानं मला आधीही सांगितलं होतं. मी तेव्हा हेडफोन दाबून त्याला सांगितलं होतं की आज तू सहा येतोयस. तो रविवारमागून रविवार मला सांगत होता आणि मी त्याला मार्क देत होतो. इतकी लाज मला दातांच्या डॉक्टरांच्या दारातही वाटली नव्हती. मी बटण चाचपडू लागलो, ते सापडेना.

हिनं पुढे येऊन माझ्या हातातून माइक घेतला.

"परवाना..." निरीक्षकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग तेच घाईघाईनं म्हणाले, "धारक शेजारी उभा आहे. चालतं. बोला तुम्ही."

"दादा, मी बोलतेय," ही म्हणाली. "या. विचारताय काय? तुमचंच घर आहे. कधी येताय?" आणि ती उत्तराची वाट बघत राहिली. आम्ही सगळेच वाट बघत राहिलो. सेट मुका. तिचा अंगठा बटणावरच होता. मी तो अलगद उचलला.

"...माझं सामान फार नाही," दादाचा आवाज मधूनच आला. "कपडे आहेत आणि सेट. पण तुमच्याकडे अँटेनाला जागा असेल का? लोकांना चालेल का? ओव्हर."

"गच्ची आहे म्हणावं," सचिव भिंतीपासून सुटून पुढे आले. "सगळी गच्ची आहे. खांब लावा म्हणावं."

"आणि चादरी मी काढीन हो," काकू म्हणाल्या.

आता माइक माझ्याकडे आला. मी काट्याकडे पाठ करून उभा राहिलो, नाहीतर माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

"दादा, तू निघू नकोस," मी म्हणालो. "जिना उतरू नकोस. बसून राहा. मी येतो न्यायला. आत्ता निघतो." बटण दाबून मी नुसता उभा. निरीक्षक माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ओव्हर म्हणा."

"ओव्हर," मी म्हणालो.

दादा म्हणाला, "हळू या. रस्ता खराब आहे."

मी चपला शोधू लागलो. एक सापडली, एक सापडेना. साडू म्हणाले, "बसची वाट कुठे बघता? माझी गाडी आहे ना खाली!" आणि जिन्यापर्यंत धावत गेले, आणि तिथूनच परत आले. गाडीची बॅटरी टेबलावर होती. मग एकच गडबड उडाली. मुलीनं पकडीनं नट ढिले केले, साडूंनी एक बाजू धरली, आयुष्यात कधी कुणाच्या वजनाला हात न लावता फक्त ते तपासत आलेले निरीक्षक दुसऱ्या बाजूला लागले, आणि सचिव "जपून, पायरी आहे, दिवे नाहीत" असं ओरडत पुढे निघाले. ही मला दुसरी चप्पल देत होती. वायरी सुटल्या आणि टेबलावरचे दोन्ही सेट बंद पडले. कुठला आधी बंद पडला, ते मी बघितलं नाही.